मास्क तिच्याच हातात राहू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सिंहगड रोडला राहते. २८ वर्षं शाळेत सायन्स शिकवलं, आता रिटायर झालेय. बाळंतपणात कळा कमी व्हायला जो गॅस देतात त्याच्या मास्कबद्दलचं हे पत्र लिहायला घेऊन दोनतीनदा पुसून टाकलं, कारण यातली चूक माझी स्वतःची आहे आणि ती चारचौघांत सांगायला जीभ रेटत नव्हती. पण मागच्या दोन महिन्यांत ओळखीतल्या बायकांशी बोलले तेव्हा कळलं की आणखी दोन घरांत अगदी हेच घडलंय, कुठे आईनं केलं कुठे नवऱ्यानं, आणि सगळ्यांनी मायेपोटीच केलं. म्हणून म्हटलं आता लिहायचंच.

माझी लेक पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आली होती. रात्री अकराच्या सुमाराला कळा सुरू झाल्या, आम्ही तिला नाव घातलेल्या मॅटर्निटी होमला घेऊन गेलो (नाव लिहीत नाही, कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला). हल्ली सोबतीला घरची एक बाई लेबर रूममध्ये येऊ देतात, तशी मी आत होते. एपिड्यूरल (कळा कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) देणारे भूलतज्ज्ञ त्या रात्री दुसरीकडे अडकलेले, मग दुखणं कमी करायचं एक साधं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं सिस्टरनी कोपऱ्यातला सिलिंडर ढकलत आणला, निळा, खांद्याला निळे-पांढरे पट्टे, त्याला लांब नळी आणि पुढे मास्क. मास्क लेकीच्या हातात दिला, "कळ आली की ओढायचं हं ताई" एवढं म्हणाल्या आणि पलीकडच्या टेबलावर गेल्या कारण तिकडे डोकं दिसायला लागलं होतं. एकच सिस्टर आणि दोन बायका, त्या बिचारीनं तरी काय करावं.

तो गॅस म्हणजे एन्टोनॉक्स. निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. नायट्रस ऑक्साइड म्हणजे हास्यवायू, हा मी वर्गात किती वेळा शिकवला असेल त्याची गणती नाही, एन टू ओ, रंगहीन, किंचित गोडसर वास, निखारलेली काडी आत धरली की पुन्हा पेटते. हम्फ्री डेव्हीनं १८०० सालीच लिहून ठेवलं होतं की ह्यानं दुखणं कमी होतं, ऑपरेशनमध्ये वापरता येईल, पण कुणी मनावर घेतलं नाही, मग १८४४ मध्ये होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन डेंटिस्टनं हाच गॅस घेऊन स्वतःचा दात काढवून घेतला. हे सगळं मला पाठ. पण मास्क कुणी धरायचा हे मला माहीत नव्हतं.

झालं काय, की लेक कळ पूर्ण भरात आली की मग मास्क तोंडाला लावायची. कळ साधारण मिनिटभराची. हा गॅस चढायला अर्धा-पाऊण मिनिट लागतं. म्हणजे ती ओढायला लागणार, गॅस चढणार तोवर कळ ओसरलेली, आणि मग मधल्या वेळात उगाच गरगरणार. पाच-सहा कळा अशाच गेल्या. ती रडकुंडीला येऊन म्हणाली आई हे काही कामच करत नाहीये गं. मला वाटलं पुरेसा जात नसेल, हिच्या हातात जोर राहिला नाहीये, म्हणून मी तिच्या हातातला मास्क घेतला आणि तिच्या नाकातोंडावर घट्ट दाबून धरला. कळ असताना पण आणि नसताना पण. दर श्वासाला त्या झडपेचा टक् फुस्स, टक् फुस्स आवाज यायचा आणि मला बरं वाटायचं की चला जातोय गॅस. तिचा चेहरा सैल पडला, मुठी सुटल्या, मी म्हटलं अखेर आराम पडला माझ्या लेकीला.

आराम नव्हता पडला. मी तिला हाक मारली तर ओ नाही. डोळे अर्धे उघडे पण नजर माझ्यावर नाहीच, बुबुळं वर गेलेली. गालावर थापट मारली तरी काही नाही. आणि तरी माझा हात मास्कवरच, मूर्खासारखा, कारण मला वाटत होतं त्यात ऑक्सिजन आहे ना, असू दे. तेवढ्यात दारातून मोठ्या सिस्टर आल्या आणि जवळजवळ ओरडल्याच, "मावशी, हात काढा आधी!" त्यांनी मास्क बाजूला केला, तिला डाव्या कुशीवर वळवलं, हनुवटी वर धरली, भिंतीवरचा ऑक्सिजन लावला. दोनेक मिनिटांत तिनं डोळे उघडले आणि लगेच भडाभडा ओकली. ती दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. बाळाचे ठोके बघितले, ते ठीक होते देवाच्या दयेनं. सकाळी सव्वासहाला नात झाली, दोघी सुखरूप आहेत.

नंतर त्याच सिस्टर ड्यूटी संपल्यावर बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या, चहाचा कप हातात, आणि रागावल्या नाहीत, नीट समजावून सांगितलं. ते मी इथे माझ्या शब्दात लिहिते कारण हेच आधी सांगितलं असतं तर काहीच झालं नसतं.

ती झडप जी आहे ती आपोआप गॅस सोडत नाही. मास्क चेहऱ्याला नीट बसलाय आणि माणसानं आत श्वास ओढला तरच ती उघडते. आता बाईनं स्वतः मास्क धरलाय, गॅस जरा जास्त झाला, गुंगी आली, तर काय होतं? हात आपोआप ढिला पडतो, मास्क खाली घसरतो, झडप बंद, ती साधी हवा घ्यायला लागते आणि थोड्या वेळात ताळ्यावर येते. म्हणजे तिचा थकलेला हात हाच त्या मशीनचा ब्रेक आहे. आणि मी तो ब्रेकच काढून टाकला होता. शिवाय आधी जे इंजेक्शन दिलं होतं त्याचीही गुंगी होती, दोन्ही मिळून जास्त चढतं आणि श्वास मंदावतो. आणि सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे उलटी. बेशुद्ध माणूस उताणा, वर मास्क दाबलेला, त्यात उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "पाच मिनिटं उशीर झाला असता तर मला सांगवत नाही मावशी."

मी त्यांना म्हटलं अहो मग सांगितलं का नाही कुणी. त्या गप्प बसल्या. त्यांचा दोष नव्हताच.

आता कुणी हे वाचून म्हणेल की बघा, कशाला हवीत ही नसती थेरं, आमच्या वेळी काय गॅस होता का, कळा सोसायच्याच असतात, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म. माझ्या विहीणबाईसुद्धा हेच म्हणाल्या. मला हे अजिबात मान्य नाही आणि माझ्या पत्राचा असा अर्थ कृपया कुणी काढू नये. हा गॅस चांगला आहे, जगभर लाखो बायका घेतात, त्यानं कळा थांबत नाहीत की बाळंतपण लांबत नाही, बाळापर्यंत थोडा जातो पण जन्मल्यावर बाळ श्वासावाटे तो लवकर बाहेर टाकतं, अंगावर पाजायला काही अडचण नाही. दुखणं पूर्ण जात नाही, धार कमी होते, आणि त्या वेळी तेवढंही खूप असतं. आणि बंद केला की काही मिनिटांत उतरतो, हा तर मोठाच फायदा. पूर्वी इंग्लंडात मिनिट (Minnitt) नावाच्या डॉक्टरांचं यंत्र होतं १९३० च्या दशकात, त्यात नायट्रस ऑक्साइड नुसत्या हवेत मिसळायचे, म्हणजे निम्मा गॅस आणि निम्मी हवा, हवेत ऑक्सिजन २१ टक्के म्हणजे त्या मिश्रणात जेमतेम १० टक्के! मग १९६१ मध्ये मायकल टनस्टॉल ह्या डॉक्टरांनी दोन्ही गॅस एकाच सिलिंडरमध्ये निम्मे निम्मे भरून दाखवले, तेव्हापासून तो खरा सुरक्षित झाला. एवढी अक्कल खर्चून बनवलेली गोष्ट आपण एका वाक्यात बाईच्या हातात देतो आणि निघून जातो, तक्रार ती आहे.

वेळेचं पण तसंच. कळ भरात यायची वाट बघायची नाही. पोटावर हात ठेवला की दुखायच्या आधीच पोट घट्ट व्हायला लागलेलं कळतं, त्या क्षणाला मास्क लावायचा आणि नेहमीसारखे सावकाश खोल श्वास घ्यायचे, कुत्र्यासारखं धापा टाकत नाही, कारण भराभर ओढलं की हातपायांना मुंग्या येतात, चक्कर येते. श्वास सोडायचा पण मास्कमध्येच. कळ उतरायला लागली की मास्क खाली, मधल्या वेळात साधी हवा. सोबतच्या माणसाचं काम काय, तर पोटावर हात ठेवून "आली गं, लाव आता" एवढं सांगायचं, पाण्याचा घोट द्यायचा कारण तोंड कोरडं पडतं, आणि तिला एकटीला बाथरूमला उठू द्यायचं नाही. मास्कला हात लावायचा नाही. नवऱ्यानं नाही, आईनं नाही, सासूनं नाही.

घरी आल्यावर मी भाच्याशी बोलले, तो मेलबर्नला असतो. त्याचा दोन वर्षांपूर्वी घोटा मोडला होता तेव्हा ॲम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला एक हिरवी शिट्टीसारखी नळी दिली होती ओढायला, तिकडे तिला ग्रीन व्हिसलच म्हणतात. ते औषध वेगळं, मेथॉक्सिफ्लुरेन, नळीत ३ मिली टाकतात, दिवसाला जास्तीत जास्त ६ मिली आणि आठवड्याला १५, त्याच्या वर नाही, कारण साठच्या दशकात हेच औषध पूर्ण भूल द्यायला मोठ्या डोसमध्ये वापरायचे तेव्हा लोकांच्या किडन्या खराब झाल्या होत्या. किडनीचा आजार असलेल्याला ते देतच नाहीत. पण भाच्यानं जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले, त्या नळीला एक दोरी होती ती त्याच्याच मनगटात अडकवली आणि ॲम्ब्युलन्सवाली म्हणाली की ही तूच धरायची, तुझ्याऐवजी कुणी नाही. तो मोडक्या पायानं कण्हत होता तेव्हा सांगितलं आणि त्याला अजून लक्षात आहे. म्हणजे सांगायला वेळ लागतो किती, दहा सेकंद.

आणखी एक गोष्ट पुणेकरांसाठी मला महत्त्वाची वाटते ती म्हणजे बी-१२. नायट्रस ऑक्साइड शरीरातलं बी-१२ निकामी करतो, त्या जीवनसत्त्वाच्या मधोमध कोबाल्टचा अणू असतो त्याच्यावरच तो घाला घालतो. धडधाकट माणसाला काही तास घेतल्यानं फरक पडत नाही. पण ज्यांचं बी-१२ आधीच तळाला गेलंय, किंवा ज्यांना रोज ड्रेसिंगच्या वेळी वगैरे पुन्हा पुन्हा हा गॅस मिळतो, त्यांच्या हातापायांना बधिरपणा येऊ शकतो, चालताना तोल जाऊ शकतो. आपल्याकडे किती घरं शाकाहारी आहेत! आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही, आपल्याच पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला त्यात दोनतृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं होतं. एवढा मोठा अभ्यास आपल्या गावात झाला आणि लेबर रूममध्ये गॅस देताना कुणी विचारत नाही की बाई तुझं बी-१२ किती आहे. लेकीला गोळ्या चालू होत्या म्हणून ठीक. पण विचारलं कुणीच नाही, आणि मीही आपणहून सांगितलं नाही.

हा गॅस फक्त बाळंतपणातच नाही, हाड बसवताना, भाजलेल्याचं ड्रेसिंग बदलताना, दाताच्या डॉक्टरकडे पण नायट्रस असतो. तिथे अजून एक धोका. नायट्रस ऑक्साइड नायट्रोजनपेक्षा रक्तात तिसेक पटीनं जास्त विरघळतो, त्यामुळे शरीरात कुठे हवा कोंडली असेल तर तिथे तो भराभर शिरतो आणि आतला नायट्रोजन तितक्या वेगानं बाहेर पडत नाही, म्हणजे फुगा अजून फुगतो. नवले पुलाजवळचे ॲक्सिडेंट आपण पेपरात वाचतो, त्यात बरगडी मोडून फुप्फुसाबाहेर हवा साठलेला कुणी असेल तर त्याला हा गॅस चालत नाही. डोक्याला मार असेल तर नाही, आतडं अडलं असेल तर नाही. आणि डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन करताना डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात तो काही आठवडे आत राहतो, त्या काळात नायट्रस दिला तर डोळ्यातला दाब वाढून दृष्टी जाऊ शकते. आपल्याकडच्या ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवा, डोळ्याच्या डॉक्टरांनी ह्या बुडबुड्याची सूचना देणारी पट्टी मनगटाला बांधली असेल तर ती काढू नका आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हे सांगा. आणि गॅस घेऊन ड्रेसिंग झालं की लगेच ॲक्टिव्हाला किक मारून निघायचं नाही, डॉक्टर जा म्हणेपर्यंत बसायचं आणि जाताना गाडी दुसऱ्यानं चालवायची.

आगीचं पण सांगते. काडी पुन्हा पेटते म्हटलं ना, तसंच आहे हे, हा गॅस स्वतः जळत नाही पण आग भडकवतो. त्या रात्री लेबर रूमबाहेर एका आजींनी उदबत्ती लावली होती, श्रद्धेनं लावली असेल, पण नको. आणि तेलाचा किंवा व्हॅसलिनचा हात सिलिंडरच्या नळाला, झडपेला लागू द्यायचा नाही, बाळंतपणात मालिश, तेल सगळं चालू असतं म्हणून मुद्दाम लिहिलं.

सिस्टर लोकांबद्दलही एक शब्द. बायका श्वास सोडतात तो गॅस खोलीतच राहतो, एसी आणि बंद खिडक्या असल्या तर आठ तास त्या सिस्टरच तो हुंगत बसतात. २०२३ मध्ये इंग्लंडातल्या काही हॉस्पिटलांनी एवढ्याचसाठी हा गॅस काही काळ बंद ठेवला होता. आपल्याकडे निदान एक्झॉस्ट फॅन चालू आहे का, हवा खेळती आहे का, हे हॉस्पिटलवाल्यांनी बघावं. ज्यांच्या हातात आपण लेकीसुना सोपवतो त्यांच्या जिवाची कुणाला काळजी नको का?

माझं मागणं फार मोठं नाही. सातव्या महिन्यात आपण डोहाळेजेवण करतो, झोपाळा सजवतो, धनुष्यबाण देऊन फोटो काढतो, किती हौसेनं करतो सगळं. त्याच महिन्यात तपासणीला गेलं की हॉस्पिटलनं पोरीच्या हातात तो मास्क द्यावा, झडपेचा आवाज ऐकवावा, पोट घट्ट झालं की लाव आणि सुटलं की काढ हे करून दाखवावं, आणि सोबत जी येणार आहे तिलाही त्याच वेळी आत बोलवून सांगावं. कळांमध्ये सांगितलेलं कुणाला ऐकू येतं? डोळे, छाती, बी-१२, आधीची इंजेक्शनं, एवढं कागदावर विचारून ठेवावं. लेबर रूमच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरात "मास्क पेशंटनेच धरायचा" अशी पाटी लावावी, आमच्या त्या ठिकाणी बूट बाहेर काढा आणि मोबाईल बंद ठेवा अशा दोन पाट्या होत्या, तिसरीला जागा होती. आणि रात्रीला दोन बायकांमागे एकच सिस्टर हे बंद व्हायला पाहिजे, निदान गॅस चालू असेपर्यंत एक माणूस तिथून हलता कामा नये.

लेकीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट ती म्हणते आई तू होतीस म्हणून मला धीर होता. पण बाळाला पाजताना कधी तिचे डोळे पेंगुळले की माझ्या पोटात अजून खड्डा पडतो आणि मी हाक मारून बघते.

आमच्याच सोसायटीत बी विंगमधल्या एका सुनेची तारीख पुढच्या महिन्याच्या वीसची आहे. तिच्या सासूबाईंना मी घरच्या नेब्युलायझरचा मास्क नेऊन सगळं करून दाखवलं, त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे मी अगदी हातच लावायचा नाही?" मी म्हटलं हात तिच्या पोटावर ठेवा, मास्कवर नको. बाकीच्या घरांपर्यंत मी काही पोचू शकत नाही, तुमचा पेपर पोचतो. जागा कमी असेल तर माझं रामायण गाळा पण मास्क कुणी धरायचा आणि कधी लावायचा एवढं तरी छापा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका आणि आजी,
सिंहगड रोड, पुणे